सह्याद्री कोठे सुरू होतो, कोठे संपतो

भूगोलाच्या शालेय पुस्तकांत सह्याद्रीसंबंधी एक वाक्य हटकून आढळते. तापी नदीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या या पर्वताची लांबी सुमारे १६०० किलोमीटर आहे, हे ते वाक्य होय. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उतरवितो व पुढील धड्याकडे वळतो. या वाक्यात असत्य असे काही नाही. तथापि ते वाचून ज्याच्या मनात पुढील प्रश्न उभा राहत नाही, त्यास या पर्वताचा विस्तार समजला असे म्हणणे धाडसाचे होईल. हे १६०० किलोमीटर कोणी, कशाने व कोणत्या दोन टोकांच्या दरम्यान मोजले?

हा प्रश्न निव्वळ शाब्दिक आहे अशी कोणाची समजूत असल्यास त्याने पुढील आकडे पाहावेत. युनेस्कोने २०१२ साली या पर्वतातील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या वेळी केलेल्या वर्णनात पर्वताची लांबी १६०० किलोमीटर व क्षेत्रफळ सुमारे १,४०,००० चौरस किलोमीटर धरले होते; प्रत्यक्ष वारसा म्हणून नोंदलेली भूमी मात्र आठ हजार चौरस किलोमीटरांच्या आतच आहे. त्यापूर्वी केंद्र शासनाने २०१० साली प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ मंडळ नेमले होते. २०११ सालच्या अहवालात त्या मंडळाने लांबी १४९० किलोमीटर व क्षेत्रफळ १,२९,०३७ चौरस किलोमीटर दिले. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ साली लांबी १५०० किलोमीटर व क्षेत्रफळ १,६४,२८० चौरस किलोमीटर मानले. म्हणजे दोन वर्षांच्या अवधीत, एकाच शासनाच्या दप्तरात, सह्याद्री ३५,२४३ चौरस किलोमीटरांनी वाढला. गोव्यासारखी नऊ राज्ये त्या वाढीत सहज मावतील.

पर्वत वाढला नाही हे उघड आहे. त्यास विचारलेला प्रश्न बदलला. पर्वताचा विस्तार हा डोंगरात पुरलेल्या ठेव्यासारखा शोधून काढावयाचा आकडा नसून एका विशिष्ट प्रश्नास दिलेले ते उत्तर असते, आणि म्हणून तो आकडा त्याच्या मापासह छापला गेला पाहिजे, असे आमचे मत आहे. हे मत का बनले ते या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

विज्ञानविषयक ग्रंथांचा अनुवाद करणारास ही अडचण प्रथम नावापाशीच भेटते. इंग्रजी ग्रंथ या पर्वतास 'वेस्टर्न घाट्स' म्हणतात व त्याचे शब्दशः रूप 'पश्चिम घाट' आपल्याकडे आता रूढ झाले आहे. परंतु मराठी माणसाच्या तोंडी घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगर उतरण्याचढण्याची वाट. बोरघाट, थळघाट, नाणेघाट, आंबाघाट, फोंडाघाट ही सारी वाटांचीच नावे होत. किनाऱ्यावर उतरून देशाकडे निघालेल्या परकीयांस डोंगराचा अनुभव वाटेवर आला, आणि त्यांनी वाटेचे नाव उचलून साऱ्या पर्वतास लावले. तमिळ भाषेने येथे अधिक विवेक दाखविला आहे असे वाटते; तेथे या पर्वतास 'मेर्कुत् तोडर्च्चि मलै', म्हणजे पश्चिमेकडील सलग चालत गेलेला डोंगर, असे म्हणतात. मलयाळम भाषेत तो 'सह्यपर्वतम्' आहे व कन्नड भाषेत 'सह्याद्री'. आपल्यापैकी पुष्कळांची अशी कल्पना असते की सह्याद्री म्हणजे महाराष्ट्रापुरता डोंगर व पश्चिम घाट म्हणजे अखिल भारतीय. ती टिकणारी नाही. २००३ साली केरळातील इडुक्की जिल्ह्यातून एका विलक्षण जांभळ्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहणाऱ्या या प्राण्याचे जवळचे आप्त हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. त्यास दिलेले नाव 'नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस' असे आहे. केरळातला बेडूक सह्याद्रीचे नाव मिरवितो, यात त्या नाव देणारांस काहीही विसंगत वाटले नाही, आणि ते योग्यच झाले.

आता लांबीकडे वळू. वर्गातील भारताच्या नकाशावर हा प्रयोग कोणासही करता येईल. पर्वताचे उत्तर टोक साधारण २१ अंश अक्षवृत्तावर व दक्षिण टोक ८ अंशांच्या किंचित वर आहे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असल्यामुळे तेरा अंशांचे सुमारे १४४० किलोमीटर होतात. दरम्यान पर्वत पूर्वेकडे सुमारे चार रेखांश सरकतो. त्याचे चारशेहून काही अधिक किलोमीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढावा, म्हणजे दोन टोकांतील सरळ अंतर १५०० किलोमीटरांच्या आसपास येते. त्यानंतर एक दोरा घेऊन तो डोंगराच्या वळणावळणाने नकाशावर बसवावा व ताणून मोजावा. या वेळी उत्तर मोठे येईल, आणि अधिक मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतल्यास, त्यावर अधिक वळणे दिसत असल्याने, आणखी मोठे येईल. तेव्हा १५०० व १६०० यांत भांडण नाही. एक काठीचे माप आहे व दुसरे दोऱ्याचे. पुस्तकात छापताना काठी आणि दोरा दोन्ही गळून पडतात व केवळ आकडा उरतो, ही आमची तक्रार आहे.

लांबीचे असे भागते. टोकांचे इतक्या सहजपणे भागत नाही. उत्तरेस तापी ही सीमा सर्वत्र सांगितली जाते. पण तापीच्या दक्षिणेस जो काळा पाषाण आहे, तोच उत्तरेस सातपुड्यात बहुतांशी आढळतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार वर आलेल्या लाव्हारसाचे थर थंड होऊन हा बेसाल्ट बनला, आणि त्याने माळवा, काठेवाड, विदर्भ असा फार मोठा प्रदेश व्यापला. खडक हे माप धरले तर सह्याद्री तापीशी थांबत नाही. उलट दक्षिणेकडे जाताना तो फार लवकर थांबतो; कारण गोवा व बेळगावच्या परिसरात बेसाल्ट संपून त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टिताश्म लागतात, आणि नीलगिरी तर चार्नोकाइट नावाच्या अगदी निराळ्या कठीण खडकाची आहे. ज्यास आपण एक पर्वत म्हणतो तो भूवैज्ञानिकाच्या हातोड्याखाली दोन तुकड्यांचा निघतो.

मग त्यास एक म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर? आधार आहे तो कड्याचा. भारतीय द्वीपकल्पाचे पठार पश्चिमेस जेथे एकाएकी तुटते, त्या तुटलेल्या काठास आपण खालून पाहतो तेव्हा पर्वत म्हणतो. हिमालयाप्रमाणे दोन भूखंडांच्या रेट्याने वळ्या पडून हा उभा राहिलेला नाही. मादागास्कर व त्यानंतर सेशेल्स ही भूमी भारतापासून अलग झाली, पश्चिमेस समुद्र आला, काठ उंचावलेला राहिला, आणि त्यापुढे कोट्यवधी वर्षे पश्चिमेकडे धावणाऱ्या ओढ्यांनी तो कुरतडत मागे रेटीत आणला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिल्यास हा सारा व्यवहार एका दृष्टिक्षेपात ध्यानी येतो. पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासीही तो अनुभवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे व लोणावळे सुमारे ६२० मीटरांवर. म्हणजे पर्वताच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याने जेमतेम साठ मीटरांची चढण चढलेली असते. त्यानंतर थोड्याच अंतरात गाडी खाली कोसळल्यासारखी उतरते व खोपोलीस समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंची उरत नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा अभियंत्यांस ३७ फुटांस एक फूट असा चढ द्यावा लागला. त्यांच्या लेखी पर्वताची रुंदी कर्जत ते लोणावळे इतकीच होती.

या उदाहरणात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची हे पर्वताचे सर्वांत सोपे माप, म्हणून ते सर्वांत लोकप्रिय आहे. परंतु सह्याद्रीस ते फारच वाईट लागू पडते. पाचशे मीटरांवरील सर्व भूमी पर्वत असे ठरविले की पुण्यातील सपाट पेठा पर्वतात जमा होतात. बंगळूर शहर तर सुमारे ९२० मीटरांवर आहे, आणि माथेरानचा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. यांपैकी डोंगर कोणता हे शाळकरी मुलासही विचारावे लागणार नाही. भोवतालच्या भूमीपासून उंची किती व उतार किती, यावर डोंगर ठरतो. आणि कोकणाकडील पायथा, जेथे उतार संपतो, जेथे वरून आलेले पाणी, माती व दगड येऊन विसावतात, तो उंचीच्या मापात कधीच सापडत नाही. तो समुद्रसपाटीपासून पन्नास-शंभर मीटरांवर असतो. आकड्यातून पायथा निसटतो, आणि पायथ्याशी माणसे राहतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडीवर दरड कोसळली. इरशाळगड हा सह्याद्रीच्या मुख्य कण्यावर नाही. माथेरान व प्रबळगडाच्या शेजारी, कण्यापासून तुटून पश्चिमेस उभ्या राहिलेल्या डोंगरांपैकी तो आहे. कड्याच्या धारेवरून रेघ ओढणाऱ्या नकाशात तो बाहेर पडेल. तेथील रहिवाशास मात्र आपण सह्याद्रीत राहतो की नाही याविषयी शंका नव्हती. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये व ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण ही गावे अशीच गाडली गेली. पैकी माळीण हे कड्याच्या पूर्वेकडील, घाटमाथ्यावरील गाव. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै व चूरलमला येथे डोंगर खाली आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतील कित्येकांचे देह चालियार नदीच्या प्रवाहाबरोबर शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात निलंबूरच्या आसपास सापडले. दरड जेथे सुटली ती जागा, ज्या गावावर ती कोसळली ती जागा आणि नदीने जे वाहून नेले ते जेथे टाकले ती जागा, या तीन जागा तीन निराळ्या उंचींवर व दोन निराळ्या जिल्ह्यांत आहेत. पर्वताचा विस्तार म्हणून आपण जे काही आखू, त्यात या तिन्ही जागांचा परस्परसंबंध दिसला नाही, तर ते आखणे कशासाठी?

वरील दोन्ही अहवालांकडे आता या दृष्टीने पाहता येईल. गाडगीळ मंडळाने उंची व अरण्य ही दोन मापे एकत्र बांधली होती. पूर्वेकडे ५०० मीटरांवरील अरण्यभूमी व पश्चिमेकडे १५० मीटरांवरील अरण्यभूमी, ही त्यांची रेषा. दोन बाजूंस दोन निराळे आकडे घेण्यात पर्वताच्या एकांगी घडणीची जाण होती, आणि केवळ उंचीमुळे पुणे शहर आत येण्याची आपत्ती अरण्याच्या अटीने टळली. मात्र ज्या उतारावरील अरण्य पूर्वीच तुटले तो उतार या मापात उणा पडण्याचा संभव राहिला. याच मापाने या पर्वताची रुंदी महाराष्ट्रात कमीत कमी ४८ किलोमीटर व तमिळनाडूत जास्तीत जास्त २१० किलोमीटर भरली. सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट व महादेव या रांगा सह्याद्रीपासून निघून पूर्वेकडे लांबवर गेल्या आहेत. त्यांस सह्याद्रीच्या उपरांगा मानून मोजावयास बसले तर महाराष्ट्रातील रुंदी कित्येक पटींनी वाढेल. राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई हेदेखील कोकणाकडील कड्याच्या धारेवर नसून तीपासून पूर्वेस फुटलेल्या रांगेत आहे.

कस्तुरीरंगन कार्यगटाचे माप वेगळे होते. १९७४-७५ पासून नियोजन मंडळाने पश्चिम घाट विकास कार्यक्रम चालविला होता व त्यासाठी डोंगरी तालुक्यांची यादी केली होती. त्या परंपरेतील १८८ तालुक्यांच्या क्षेत्राची बेरीज म्हणजे १,६४,२८० चौरस किलोमीटर. तालुका हे एकक वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रस्ता, बंधारा, दवाखाना यांसाठी पैसा वाटावयाचा तर त्यास कचेरी लागते, हिशेब लागतो व जबाबदार अधिकारी लागतो. हे सारे तालुक्यास असते. पण तालुक्याची सीमा महसुलासाठी आखलेली आहे. जुन्नर तालुका घ्या. त्याच्या पश्चिम टोकास नाणेघाट आहे, जेथे पावसाळ्यात चार महिने धुके हटत नाही. पूर्वेस आणे पठारावर पाण्याची वाट पाहावी लागते. एकाच तालुक्यात दोन हवामाने नांदतात. असा तालुका समग्र पर्वतात मोजणे विकासकार्यास सोयीचे असेल. भूगोलाच्या पुस्तकाने ती बेरीज उचलून 'सह्याद्रीचे क्षेत्रफळ' या मथळ्याखाली छापणे मात्र गैर होय. दोन्ही अहवालांनी आपापले माप मोकळेपणाने सांगितले आहे, हेही नमूद केले पाहिजे. माप गाळण्याचे काम त्यांच्यानंतर आकडे उतरवून घेणारांनी केले.

यात आणखी एक घोटाळा होतो. पर्वताचे क्षेत्र निराळे व त्यातील संरक्षणीय ठरविलेले क्षेत्र निराळे. गाडगीळ मंडळाने समग्र पर्वत संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले. कार्यगटाने आपल्या १,६४,२८० चौरस किलोमीटरांपैकी सुमारे ३७ टक्के, म्हणजे साठ हजारांच्या जवळपास, तेवढे संवेदनशील ठरविले आणि ज्या गावाच्या क्षेत्रापैकी २० टक्के वा अधिक भूमी त्यात येते, ते गाव यादीत घेतले. २०१४ पासून केंद्र शासनाने या आधारावर अधिसूचनेचे मसुदे काढले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा, व त्यातील क्षेत्र सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर. वृत्तपत्रांत मात्र 'सह्याद्रीचे क्षेत्र घटविले' व 'सह्याद्रीचे क्षेत्र वाढविले' असे मथळे या साऱ्या आकड्यांची सरमिसळ करून दिले जातात, आणि वाचकाची अशी समजूत होते की कोणीतरी डोंगर कातरीत बसले आहे.

कोकणात, कोडगूत, इडुक्कीत या याद्यांस जो विरोध झाला, त्यास केवळ स्वार्थी म्हणून झटकून टाकणे आम्हांस पटत नाही. आपले शेत, आपली बाग, आपला चिऱ्याचा खडक एका अदृश्य रेषेच्या आत आला असे ज्यास कळते, त्याचा पहिला प्रश्न 'का' हा असतो. गावांच्या यादीत गावाचे नाव असते. ते कोणत्या उतारामुळे, कोणत्या ओढ्यामुळे, कोणत्या रानामुळे आले, हे त्या नावापुढे लिहिलेले नसते. शेजारचे गाव, त्याच ओढ्याच्या दुसऱ्या काठावरचे, यादीत नसल्यास संशय बळावतो. गावाच्या नकाशावर ओढा दाखवावा, उतार दाखवावा, रेषा दाखवावी व ग्रामसभेत ती समजावून सांगावी. त्यानंतर जो विरोध उरेल तो विचारात घेण्याजोगा असेल. खाणींचे व मोठ्या बांधकामांचे हितसंबंध या विरोधाच्या आडून बोलतात हेही खरेच आहे, आणि रेषेचे कारण उघड झाले तर त्यांस आड घेण्यास जागा उरणार नाही.

मापाची निवड किती दूरवर जाते हे सह्याद्रीबाहेरही नुकतेच दिसून आले. गुजरातपासून दिल्लीपर्यंत गेलेल्या अरवलीची व्याख्या करताना, भोवतालच्या भूमीहून १०० मीटर वा अधिक उंच असेल ती अरवलीची टेकडी, अशी कसोटी पुढे आली व नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. ही कसोटी समुद्रसपाटीपासून न मोजता भोवतालापासून मोजते, हा तिचा गुण. परंतु अरवली हा जगातील अतिप्राचीन पर्वतांपैकी एक. झिजून झिजून त्याच्या पुष्कळ टेकड्या शंभर मीटरांहून ठेंगण्या झालेल्या आहेत. त्या बाहेर पडून खाणींस मोकळ्या होतील अशी भीती व्यक्त झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःच्याच त्या आदेशास स्थगिती दिली. वृद्धाची उंची तरुणाच्या पट्टीने मोजावयाची की नाही, असा हा वाद आहे.

प्राचीनांनी हा प्रश्न कसा सोडविला होता हे पाहणे मनोरंजक आहे. पुराणांत सात कुलपर्वत सांगितले आहेत व त्यांत सह्य आणि मलय हे दोन वेगवेगळे आहेत. विष्णुपुराण गोदावरी, भीमरथी, कृष्णवेणी इत्यादी नद्या सह्याच्या पायथ्यापासून निघतात असे म्हणते व कृतमाला, ताम्रपर्णी यांचा उगम मलयात सांगते. उंची नाही, खडक नाही, कोस नाहीत. पर्वताची ओळख त्याच्या नद्यांवरून. आणि आज आपण जो एक पर्वत मानतो तो त्यांच्या लेखी दोन होता. ताम्रपर्णी आजही तिरुनेल्वेलीच्या भागात वाहते व तिचा उगम पालघाटच्या खिंडीच्या पुष्कळ दक्षिणेस आहे. पुराणकारांनी दुभाग नेमका कोठे मानला होता यावर आम्ही पैज लावणार नाही. परंतु सुमारे ३० किलोमीटर रुंदीची ती खिंड, जीमधून कोइमतूरची रेल्वे व नैर्ऋत्य मोसमी वारा हे दोघेही डोंगर न चढता पलीकडे जातात, ही जीवसृष्टीच्या दृष्टीने खरोखरीची सीमा आहे. उंच डोंगरांवरील शोला वनांत राहणारा एक लहान निळा पक्षी खिंडीच्या उत्तरेस एका जातीचा व दक्षिणेस दुसऱ्या जातीचा आहे. वर चढून राहणाऱ्या पाखरास तीस किलोमीटरांची सखल, उष्ण भूमी ओलांडता आलेली नाही. याच्या उलट, जैवविविधतेच्या जागतिक नोंदीत नॉर्मन मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पश्चिम घाट व श्रीलंका यांस मिळून एकच क्षेत्र मानले. म्हणजे त्या मापाने पर्वत समुद्रही ओलांडतो.

नद्यांचे माप आज सीमा आखावयास उपयोगी पडणार नाही, कारण ते फार दूर नेते. त्र्यंबकेश्वरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर उगम पावणारी गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. महाबळेश्वरी पडलेला पाऊस कृष्णेतून श्रीशैलमपर्यंत जातो व तेथून तेलुगु गंगा योजनेने चेन्नईच्या नळास येतो. चेन्नई सह्याद्रीत आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही पर्वत कोठे संपतो व पर्वताचे काम कोठे संपते हे दोन प्रश्न निराळे असून दुसराही शिकविण्याच्या योग्यतेचा आहे, हे या मापाने कळते.

पाठ्यपुस्तके, ज्ञानकोश व नकाशासंग्रह सिद्ध करणारांपुढे आमची सूचना एवढीच आहे की सह्याद्रीची नोंद पुढील धर्तीवर करावी.

सह्याद्री अथवा पश्चिम घाट: भारतीय द्वीपकल्पाच्या पठाराचा पश्चिमेकडील तुटलेला काठ व त्यास लागून असलेले डोंगर; गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या सहा राज्यांत. उत्तर सीमा तापीचे खोरे, ही संकेताने मानलेली. दक्षिण सीमा कन्याकुमारीनजीकच्या टेकड्या, ही निसर्गतः. लांबी सरळ रेषेत सुमारे १५०० किलोमीटर, वळणे धरून सुमारे १६००. खडक उत्तरेस बेसाल्ट, दक्षिणेस त्याहून प्राचीन. सर्वोच्च शिखर केरळातील आनैमुडी, २६९५ मीटर. मध्ये पालघाटची खिंड. क्षेत्रफळ ठराविक उंचीवरील अरण्यभूमी मोजल्यास १,२९,०३७ चौरस किलोमीटर. डोंगरी तालुके मोजल्यास १,६४,२८०.

ही नोंद इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यास जड जाईल असे ज्या शिक्षकांस वाटेल, त्यांनी तिच्या जोडीस वर्गात एक नकाशा व एक दोरा द्यावा.